माझ्या नावाचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरबाईंकडे माझा म्हणून जो वीर्यतपासणीचा रिपोर्ट गेला, तो माझा नव्हता. नाव माझं, आकडे दुसऱ्या माणसाचे. ते मीच टाइप केलेले.

मी कल्याणच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी, सगळं माझ्या हाताखालून जातं. वीर्य तपासायला आलेल्या पुरुषांना सांगतो, डबी आतल्या खिशात ठेवा, अंगाची ऊब राहू दे, अर्ध्या तासात आणा. माणसं मान खाली घालून ऐकतात. माझी तपासणी होती त्या सकाळी मीही डोंबिवलीच्या घरून स्कूटरवर डबी तशीच आणली.

नमुना पातळ होऊ दिला, मग एक थेंब काचेवर घेतला. चांगल्या नमुन्यात नुसती वळवळ दिसते. एवढंसं डोकं, मागे शेपूट. शरीरातल्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांचा पूर्ण संच असतो. शुक्राणूत आणि बीजांडात मात्र अर्धाच, म्हणून मूल व्हायला दोघांची गरज. माझ्या काचेवर चार-दोन गोल पांढऱ्या पेशी होत्या. बाकी काही नाही. फोकस खाली-वर केला. नमुना मशीनमध्ये फिरवून तळाचा गाळ पाहिला. एकही शुक्राणू नव्हता.

स्टँडमध्ये आणखी एकाची डबी होती. ती पाहिली, मोजली. विचार करायला वेळच मिळाला नाही असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण मिळाला. मी मध्ये चहा पिऊन आलो आणि मग त्याचेच आकडे माझ्याही नावापुढे घातले. लॅबच्या डॉक्टरांच्या सह्या एकदम गठ्ठ्यावर व्हायच्या, कुणी काही विचारलं नाही.

बायकोने तो कागद रिक्षात वाचला. "अहो, तुमचं नॉर्मल आहे. चला, एकाची तरी कटकट संपली," ती म्हणाली आणि हसली.

पुढे तिचीच कटकट राहिली. गर्भनलिकेत रंग सोडून एक्स-रे काढतात, तो काढला. टेबलावरून उतरल्यावर ती माझा दंड धरून कितीतरी वेळ उभी होती. बेंबीतून दुर्बीण घालून झाली. इंजेक्शनं झाली. सगळं ठीक. डॉक्टरबाई म्हणाल्या, कारण सापडत नाही. एकवीस मंगळवार ती टिटवाळ्याच्या गणपतीला गेली. मी बाहेर चपला सांभाळत उभा राहायचो.

घरी आई होती. कोकणातली, तोंडाने फटकळ. "माझ्या झिलाचा सगळा बरा आसा," ती शेजारणीला माझ्याबद्दल सांगायची, सुनेला ऐकू जाईल असं. "कागदावर छापून इलाहा." बायको भांडी घासत राहायची. मी पेपर वाचत राहायचो.

मग डॉक्टरबाईंनी सुचवलं, नवऱ्याचं वीर्य घेऊन थेट गर्भाशयात सोडून पाहू. नमुना त्यांच्याकडेच द्यायचा होता. मी म्हणालो, "असलं कृत्रिम नको. आईला चालणार नाही."

"आईंना सांगायचं कशाला?" बायको जिना उतरताना म्हणाली. मी रिक्षा बघायला पुढे निघून गेलो. एकदा तिने दत्तकाचं काढलं. मी म्हणालो, बघू. बघू-बघू करत तिची चाळिशी उलटली, आई गेली. मी पहिल्याच दिवशी बोललो असतो तर पुढच्या तपासण्या माझ्या झाल्या असत्या. दात्याचं वीर्य घेण्याचा मार्ग होता, दत्तक होतं. मला सोडून जाणंही होतं. ठरवायचं तिने होतं, आणि तिला मी काही कळूच दिलं नाही.

गेल्या महिन्यात तिची भाची आलेली. लग्नाला तीन वर्षं झालीत, तेच दुखणं. बायको तिला समजावत होती, "त्याला कशाला त्रास देतेस? यांचं बघ, अगदी नॉर्मल होतं. आपल्यातच काहीतरी असतं गं. तू नळ्यांची टेस्ट करून घे."

"आधी त्याला पाठव," मी म्हणालो. आवाज चढलाच.

"काका, तो तयार होत नाही. म्हणतो, माझ्यात काय प्रॉब्लेम असणार?"

"दुखत नाही, खुपत नाही. एक डबी द्यायची असते. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत तू कुठल्याही टेबलावर चढू नकोस. आणि टेस्ट दोन वेगळ्या लॅबमध्ये करा."

"अहो, तिच्यावर काय ओरडताय?" बायको म्हणाली. "माझ्या वेळी नाही बोललात असं."

तिच्या मनात संशय नव्हता. सहज म्हणाली. मी कप उचलून मोरीत ठेवायला गेलो.

भाचीचा नवरा तपासून आला, तिचं काम मार्गी लागलं. बायकोचं देणं तसंच आहे. मूल न होण्याचं कारण माझ्या शरीरात होतं आणि तिची पहिली तपासणी व्हायच्या आधीपासून मला ते माहीत होतं, हे मी तिला तोंडाने सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.