दगडावरचा साबण

मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी बाबा घरी नव्हते. तालुक्याच्या छापखान्यात होते. पत्रकाच्या प्रुफात एका माणसाचं नाव चुकलं होतं आणि ते दुरुस्त झाल्याशिवाय त्यांना हलता येत नव्हतं. मुलगी सातासमुद्रापलीकडे चालली आहे आणि बाप कुणाच्या तरी नावातली वेलांटी बघत बसलाय, म्हणून आई जीपमध्ये धुमसत होती. नागपूरला जाताना आम्ही छापखान्यापाशी थांबलो. बाबा बाहेर आले. हातांना शाई होती म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही, नुसता कोपर खांद्याला लावला. मग त्यांनी जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा माझ्या बॅगेत कोंबला आणि त्याच्यासाठी जवसाच्या चटणीचा डबा बाहेर काढला.

आई म्हणाली, "तिथे भूक लागली की कागद खा."

विमानतळावर तपासणीच्या माणसाने तो गठ्ठा उलगडला, दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, "कशाच्या विरोधात आहे?" मी म्हटलं, "वेगवेगळ्या आहेत." त्याने गठ्ठा परत नीट बांधून दिला.

हे मी दोन ठिकाणच्या माणसांसाठी लिहिते आहे. एक तुम्ही, धावडपाटीचे, जे आता हमरस्त्याकडेच्या 'नव्या गावा'त राहता. दुसरे तुम्ही, माझ्यासारखे इथे आलेले, शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे. तुमची एकमेकांशी ओळख नाही. ती आता होईल.

बाबा आश्रमशाळेत शिक्षक होते. धावडपाटी जंगलात होती, मग जंगल वाघांसाठी राखीव झालं आणि गावाला उठवलं. त्याबद्दल बाबा पत्रकं काढायचे. त्यांचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. माझा आवाज खणखणीत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. दहा वर्षांची असल्यापासून मी गावासमोर उभी राहून पत्रकं वाचली आणि शेवटी बाबांनी शिकवलेला प्रश्न विचारला: "कुणाला काही बदलायचंय?"

लोक बदलायचे. एका पत्रकात बाबांनी लिहिलं होतं की वाघामुळे गाव उठलं. गावातल्या गुंजाआजीने तिथेच थांबवलं. "वाघानं काहून उठवलं? वाघ काय कागद घेऊन आला होता?" बाबांनी ती ओळ खोडली आणि कागद कुणी आणला ते लिहिलं. याच गुंजाआजीने गाव सोडताना भांडीकुंडी ट्रकमध्ये पायांशी टाकली आणि आपला पाटा मांडीवर घेतला. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारे, दगड कशाला, तिकडे दगड काय कमी आहेत.  पाटा तिच्या सासूच्या सासूचा होता, मधोमध वाटीसारखा झिजलेला.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही पुढचं माझ्या हातून घडलं.

इथे शिकले, व्हिसा लागला, नेपरव्हिलला भाड्याने राहू लागले. रोज ट्रेनने शिकागोला जायचे, एका लहान प्रवासी कंपनीत. ही कंपनी लोकांना आफ्रिकेत सफारीला नेते, पण नुसती जीपमधून प्राणी दाखवणारी नव्हे. पाहुण्यांनी स्वतः काम करायचं. बेशुद्ध केलेल्या गेंड्याजवळ बसून डॉक्टरांना मदत करायची, शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फास शोधून काढायचे, प्राण्यांच्या वाटेवर झाडांना बांधलेले कॅमेरे तपासायचे. त्यांच्या पैशातला वाटा संरक्षणाला जातो. माझं काम या सहलींची माहितीपत्रकं लिहिण्याचं. घरी फोनवर मी सांगायचे, "मी वन्यजीव संरक्षणात आहे." बाबा गप्प राहायचे. मला ते अभिमानाने गप्प आहेत असं वाटायचं.

एकदा कंपनीने मलाही पाठवलं. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणाल, हा त्या एका देशाचा प्रश्न आहे. गेंड्याच्या मादीला सुई मारून झोपवलं होतं, डोळ्यांवर पट्टी होती, कानांत कापडाचे बोळे. माझं काम तिचे श्वास मोजण्याचं. मी नाकपुडीसमोर तळहात धरून बसले. कोमट, ओला, गवताचा वास असलेला श्वास हातावर यायचा आणि मी मोठ्याने आकडा म्हणायचे. मोजता मोजता रडायला लागले. शेजारी जोसेफ होता, तिथला माग काढणारा. तो हसून म्हणाला, सगळेच रडतात, फक्त आकडा चुकवू नका. ते अश्रू खरे होते. आजही ते मागे घेत नाही.

तंबूत परतल्यावर मी हात धुतले. बेसिनपाशी साबण ठेवायला एक चपटा दगड होता, मधोमध वाटीसारखा झिजलेला. किती सुंदर, असं मला वाटलं. फोटोही काढला. गुंजाआजीच्या मांडीवरचा दगड ओळखणारी मी, त्या दगडावरचा साबण उचलला, हात धुतले आणि साबण परत जागेवर ठेवला.

मागच्या हिवाळ्यात प्रधानकाकांनी ठरवलं की आपल्या ओळखीतल्या मराठी कुटुंबांनी मिळून ही सहल करायची. प्रधानकाका म्हणजे नेपरव्हिलला आले तेव्हा मला विमानतळावरून आणणारे, पहिला बर्फ पडला तेव्हा स्वतःचे बूट देणारे. मी त्यांचं खूप देणं लागते, पैशांत न मोजण्यासारखं. त्यांची ईशा कॉलेजच्या अर्जाची तयारी करत होती, निबंधात गेंडा असता तर बरं, असं काकूंना वाटत होतं. काही जणांचे आईवडील भारतातून आलेले होते, तेही येणार होते. काका म्हणाले, "मुक्ता, सीनियर मंडळींसाठी मराठीत एक छान पत्रक कर ना."

अमेरिकेत आल्यापासून मी मराठीत पत्रक लिहिलं नव्हतं. दोन दिवस घासून लिहिलं. पहिलीच ओळ होती, 'जिथे माणसाचं पाऊल कधी उमटलं नाही अशा भूमीत...' आनंदाच्या भरात ते बाबांना पाठवून दिलं.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, पत्रक मिळालं, भाषा चांगली आहे. मग म्हणाले, "नव्या गावात वाचून दाखवलं."

मी विचारलं, "का?"

"पत्रक होतं ना. वाचून दाखवलं."

गाव म्हणे शांतपणे ऐकत होतं. श्वास मोजायचा भाग सगळ्यांना आवडला. शेवटी बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा गुंजाआजी म्हणाली, "समदं बरं हाय. पन तिथली मानसं कुठी गेली, ते पोरीनं लिहिलं नाही."

 मला फोनमधून तिकडची गुरं ऐकू येत होती. मी म्हटलं, शोधते. बाबा एवढंच म्हणाले, "आधी शोधायचं असतं, मुक्ता." त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी तो फोटो काढून मोठा केला. साबणाखाली दगडाची झीज स्पष्ट दिसत होती. दगड पावसाने असा झिजत नाही. त्याला बाई लागते, आणि तिच्यामागे आणखी एक बाई.

जोसेफला तो फोटो पाठवला आणि विचारलं, हा दगड कुणाचा? त्याचा फोन लगेच आला. म्हणाला, तो दगड माझ्या मावशीचा. जिथे तंबू आहेत तिथे तिचं घर होतं. आता ते सगळं गाव कुंपणापलीकडे रस्त्याला राहतं, आणि मावशीला थडग्यांवर जायचं तर फाटकावर परवाना लागतो. मी त्याच्याशी बोलत बोलत इंग्रजीत एक परिच्छेद लिहिला आणि त्याला वाचून दाखवला. विचारलं, काही बदलायचंय? त्याने दोन गोष्टी बदलल्या. 'बिचारे' हा शब्द काढायला लावला. आणि म्हणाला, गेंडे वाढलेत आणि मला त्यातून नोकरी मिळाली, तेही लिही, नाहीतर तुझं पत्रक खोटं पडेल. एका फोनमध्ये या माणसाने मला माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा जास्त शिकवलं, आणि आम्ही त्याला आमच्या पत्रकात 'स्थानिक मदतनीस' म्हणत होतो.

माझी बॉस लिंडा वाईट बाई नाही. हत्तीचं पिल्लू दिसलं की तिचे डोळे भरतात. तिने परिच्छेद वाचला आणि सांगितलं की लोक इतक्या लांब आशा शोधायला येतात, अपराधी वाटून घ्यायला नाही. हा परिच्छेद जाणार नाही. मी विचारलं, यातलं खोटं काय आहे? ती म्हणाली, खोटं काहीच नाही.

मला संताप येतो तो याचाच. खोटं म्हणून कुणी नाकारलं तर भांडता येतं. खरं आहे हे मान्य करून बाजूला ठेवणाऱ्यांशी कसं भांडायचं? ज्यांनी ते प्राणी इतकी वर्षं आसपास जगू दिले त्यांना आधी बाहेर काढायचं. मग हजारो मैलांवरची माणसं विमानाने आणून तिथे बसवायची आणि त्यांच्या हातात गेंड्याचा श्वास द्यायचा. 'स्वतःच्या हाताने संरक्षण' असं आम्ही लिहितो. ज्या हातांनी दगड झिजवला ते कुणाचे? गेंडा वाचला पाहिजे, वाघ वाचला पाहिजे. पण त्यांच्या नावावर माणसांच्या पावलांचे ठसे पुसणारे शब्द मी लिहिले होते, माझ्या मायबोलीत, आणि भाषा चांगली होती.

काकांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सहलीची मीटिंग होती. बाहेर गुडघाभर बर्फ, आत सामोशांचे ट्रे आणि थर्मासातला चहा. मी उभी राहिले आणि पत्रक वाचलं, पहिली ओळ बदलून आणि जोसेफचा परिच्छेद घालून. मग विचारलं, "कुणाला काही बदलायचंय?"

कुणीतरी मागून म्हणालं, "पॉझिटिव्ह ठेव ना यार, व्हेकेशन आहे." दोघंतिघं हसले. काकांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "मुक्ता, हे तुझ्या कंपनीला चालणार आहे का?" मी नाही म्हटलं. "मग आम्हाला कशाला अडकवतेस? आम्ही तिथे चांगलं करायलाच चाललोय." ईशाने विचारलं, "वेट, सो द टेंट्स आर ऑन हर हाउस?" काकू म्हणाल्या, "ईशा, नंतर."

तेव्हा पहिल्या रांगेतून काकांच्या आई बोलल्या. त्या साताऱ्याकडून आल्या होत्या, गुडघ्यावर शाल घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमचं जातं पाण्यात राहिलं. धरण झालं तेव्हा. वडील म्हणाले, नवं घेऊ." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस."

 काका चहाचे कप गोळा करायला लागले, काहींत अजून चहा होता.

पुढचं थोडक्यात. तीन कुटुंबांनी सहल कॅन्सल केली, बाकीची जाणार आहेत. कुणीतरी लिंडाला कळवलं. ते काका होते असं मला वाटतं, पण मी त्यांना विचारलेलं नाही, म्हणून तसं म्हणत नाही. लिंडाने मला बोलावून दोन पर्याय दिले: सगळ्यांना माफीचं पत्र लिहायचं, किंवा जायचं. मी पत्र लिहायला बसले होते, हेही सांगून टाकते. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अर्धा तास बसले. मग लक्षात आलं की हे पत्र मला नव्या गावात वाचून दाखवता येणार नाही. ते बंद केलं.

आज एकविसावा दिवस आहे. अर्ज टाकते आहे. खोली गरम आहे, खिडकीबाहेर ईशाच्या शाळेची पिवळी बस जाते. मला इथे राहायचंय, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. मला हा बर्फ आवडतो, ही ट्रेन आवडते. आईला मात्र वाटतं मी परत यावं. ती म्हणाली, "चटणीचा डबा अजून तसाच आहे." तो इतक्या वर्षांत तसाच असणं शक्य नाही, ती दर वेळी नवी कुटते.

घर कुठलं, असं इथे सगळेच एकमेकांना विचारतात आणि गावाचं नाव सांगतात. धावडपाटी आता नकाशावर नाही, जोसेफच्या मावशीचं गावही नाही, काकांच्या आईचं पाण्याखाली आहे. माझ्यापुरतं मी ठरवलंय. जिथे माझं लिहिलेलं मला वाचून दाखवावं लागतं आणि कुणीतरी मधेच थांबवतं, ते माझं घर. ते नव्या गावात आहे. जोसेफच्या फोनवर आहे. क्लबहाउसच्या पहिल्या रांगेत, शाल घेतलेल्या एका बाईपाशीही आहे.

हा मजकूर छापायला देण्याआधी जोसेफला त्याचा भाग वाचून दाखवला. काकांच्या आईंना त्यांचा. त्यांनी 'जातं' नीट लिहिलंय ना, एवढंच विचारलं. काकांना दोनदा फोन केला, ते उचलत नाहीत. त्यांना बदलायचं असेल तर जागा ठेवली आहे.

आणि बाबांनी हे नव्या गावात वाचलं.  माझ्या नोकरीबद्दल कुणी काही विचारलं नाही. गुंजाआजीने एकच निरोप दिलाय. त्या दगडावरचा साबण काढला का, ते पोरीला विचार.

अजून नाही, आजी.