उभं राहायचा नियम

ही गोष्ट मी कधी सांगितलीच नाही असं नाही. पार्ट्यांमध्ये चांगली वीस वर्षं सांगितली आणि लोक पोट धरून हसले. पण तिच्यातलं सगळ्यात वाईट वाक्य मी दर वेळी एका मित्राच्या तोंडी घातलं आणि शेवट गाळला. तो मित्र आता हयात नाही, म्हणजे माझी सोयच झाली. खरी हकिगत सांगायची मात्र मी टाळत आलो. आता पंचाहत्तरी उलटली आहे. आणखी टाळण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत आमचा चौघांचा कंपू होता. सगळे पुण्या-मुंबईचे, एकाच ऑफिसातले, एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहणारे. शनिवारी माझ्याकडे जेवण आणि पत्ते, महिन्यातून एकदा सकाळच्या बसने अटलांटिक सिटी. तिथल्या कॅसिनोत तेव्हा कॅरिबियन स्टड नावाचा पोकर नवा आला होता आणि आम्हाला त्याचं वेड लागलं होतं.

त्या वर्षी ऑफिसात नागपूरचा एक इंजिनीअर आला. पस्तिशीचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. बायको आणि मुलगी चार महिन्यांनी यायच्या होत्या. त्याच्या घरी बुद्धाची छोटी मूर्ती दिसली आणि आमच्या कंपूला जे समजून घ्यायचं होतं ते समजलं.

एकदा लंचला तो माझ्या टेबलाशी आला.

"सर, एक विचारू काय? तो तुमचा खेळ मला शिकवाल?"

"तू पत्ते खेळतोस?"

"नाही ना. आमच्या घरी पत्ते आणूच देत नव्हते. वडील म्हणायचे, जुगाराने आपल्या वस्तीचं वाटोळं केलं. पण इथे शनिवारी सगळे तुमच्याकडेच असतात. बायको आली की तिला चार माणसं पाहिजेत, सर. बोलकी आहे ती. एकटी पडली तर टिकणार नाही."

त्याला काय हवं होतं, ते मला पहिल्या दिवसापासून स्वच्छ माहीत होतं.

आम्ही दिवाळीत तीन पत्ती खेळत वाढलेलो. कलर काय, सिक्वेन्स काय, आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याची सुरुवात एक्का राजापेक्षा मोठा इथून. तो वही घेऊन आला होता. मी सांगत गेलो: आधी एक पैज लावायची. मग सगळ्यांना पाच-पाच पत्ते, डीलरचा, म्हणजे कॅसिनोतर्फे वाटणाऱ्याचा, फक्त एक उघडा. आपले पत्ते बघून एक तर पैज सोडून द्यायची, नाही तर तिच्या दुप्पट आणखी लावून पुढे जायचं. डीलरकडे निदान एक्का-राजा नसेल तर त्याचा डाव धरतच नाहीत. मग तुमचे पत्ते कितीही भारी असोत, मिळतं ते फक्त पहिल्या पैजेवर.

"म्हणजे आपण जिंकलो तरी तो खेळलाच नाही म्हणणार?" त्याने विचारलं. "हे तर फारच आहे, सर." आणि लिहून घेतलं.

इथपर्यंत सगळं खरं होतं. मग कंपूतल्या त्या मित्राने मला डोळा मारला आणि मी म्हणालो, "आता महत्त्वाचं. पत्ते भारी आले की सगळ्यांना दिसतील असे उघडे टाकायचे, उभं राहायचं आणि मोठ्याने 'शो' म्हणायचं."

खरा नियम बरोबर उलटा. पत्ते दुसऱ्या खेळाडूंना दाखवले की डाव बाद.

तीन शनिवार आम्ही त्याच्याकडून ते करून घेतलं. तो माझ्या हॉलमध्ये पत्ते पसरून ताठ उभा राहायचा. "अरे, आवाज कुठेय?" मित्र ओरडायचा. "डीलर काय नागपूरचाय, हळू बोललं तरी कळायला?" तो हसायचा आणि पुन्हा म्हणायचा, "शो!" माझी बायको भांडी आवरताना म्हणाली, "सांगून टाका हो त्याला. बरं दिसत नाही."

"गंमत आहे गं," मी म्हणालो.

मग महिन्याच्या बसने आम्ही त्याला अटलांटिक सिटीला नेलं. कॅसिनोत टेबलावर नियमांचं छापील कार्ड होतं. त्याने ते उचललं. मी त्याच्या हातून काढून घेतलं. "वाचत काय बसतोस? लोक हसतील."

तासभर तो निमूट पैजा सोडत राहिला. मग पाचही बदाम आले. त्याने कोटाचं बटण लावलं, पत्ते उलगडले, उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "शो!"

सगळं टेबल वळलं. डीलरने हात वर करून सुपरवायझरला बोलावलं. पत्ते उचलले गेले, डाव बाद. आम्ही चौघे तोंडावर हात धरून हसत होतो. तो तसाच उभा. "असाच नियम आहे ना, सर?" मला मराठीत विचारलं.

सुपरवायझर माझ्याकडे बघून म्हणाला, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

मी म्हणालो, "नो. ही इज नॉट विथ अस."

त्याचा चेहरा तेव्हा बदलला. तोवर त्याला वाटत होतं की चूक त्याचीच आहे. सुपरवायझरला तो इंग्रजीत एवढंच म्हणाला, "सॉरी, माझीच चूक." माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

परतीच्या बसमध्ये तो पुढे ड्रायव्हरच्या मागे बसला, आम्ही मागे. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात कुणीतरी म्हणालं, "कोट्यातून आलेल्यांचं असंच. पाठ करता येतं, डोकं कुठून आणणार?"

ते वाक्य माझं होतं. मित्राचं नाही.

त्यानंतर तो शनिवारी आला नाही. त्याची बायको ठरल्याप्रमाणे आली. डिसेंबरात लाँड्री रूममध्ये ती मला भेटली, एकटीच, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत.

"काका, तुम्हीच ना ह्यांना तो खेळ शिकवला? हे म्हणत होते, फार मनापासून शिकवलं. शनिवारी सगळे जमतात म्हणे तुमच्याकडे?"

त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं. का, ते मला आजही नीट उमगत नाही. कदाचित इथली माणसं चांगली आहेत, एवढं तरी तिला वाटू द्यायचं असेल.

"हल्ली नाही जमत," मी म्हणालो. त्याच संध्याकाळी माझ्याकडे अकरा माणसं जेवायला होती. तिच्या खिडकीतून माझं दार दिसायचं.

मार्चमध्ये ती मुलीला घेऊन नागपूरला परत गेली. पुढे त्याने अर्विंगला नोकरी धरली. तो निघाला त्या दिवशी मी खाली गेलो. पार्किंगमध्ये तो एकटा गाडीत खोकी भरत होता. मी एक खोकं धरू लागलो. त्याने धरू दिलं.

"टेक्सासात उन्हाळा फार कडक असतो," मी म्हणालो.

"हो सर. नागपूरची सवय आहे."

त्याने डिकी बंद केली आणि क्षणभर थांबला, मी आणखी काही बोलेन म्हणून. माझ्याजवळ शब्द तयार होते. जिन्यावरून उतरताना दोनदा म्हणूनही पाहिले होते: नियम मी मुद्दाम खोटा सांगितला, बसमधलं ते मीच बोललो, तुमच्या बायकोला मी एकटं पाडलं, मला माफ करा.

"सांभाळून चालव," मी म्हणालो.