चौकटीत माणूस नको

आज तलावाच्या बांधावर कॅमेरा लावला, तेव्हा समोरून शेळ्या घेऊन येणारी बाई आपणहून थबकली आणि पदर सावरत बाजूला झाली. तिचं ते बाजूला होणं पाहून माझा हात थांबला.

निवृत्तीनंतर निसर्गाचे फोटो काढायला शिकलो, तेव्हा मीच स्वतःला नियम घालून घेतले होते. जागा एकच, रोज फोटो एकच आणि चौकटीत माणूस नको. बंधनं घातली की नजर तयार होते, हे खोटं नाही. एवढ्याशा पाण्याला किती रंग असतात, ते मला त्यामुळेच कळलं.

माझी बायको, कुसुम, चहाचा थर्मास घेऊन सोबत यायची. रोज विचारायची, "अहो, मी येतेय का त्यात?"

कॅमेऱ्यावरून डोळा न काढता मी म्हणायचो, "जरा बाजूला हो."

ती व्हायची.

ती गेल्यावर सगळे फोटो पुढ्यात घेऊन बसलो. तलाव आहे, टेकडी आहे, ढग आहेत. नियम एकदाही मोडलेला नाही.

"काढा काका, सरकले मी," शेळ्यांवाली म्हणाली.

"नका सरकू," मी म्हटलं. "तिथंच उभ्या राहा."