सातवीचा वर्ग आणि बंगल्याचं गेट

"तू वकील आहेस ना? मग ये आणि माझ्या सातवीला मूलभूत हक्क समजावून सांग," वैशालीनं फर्मावलं. ही माझी मैत्रीण मुळशीतल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. धरण बघायला मिळेल या लोभानं मी हो म्हटलं.

जाणार असाल तर पुण्याच्या चांदणी चौकातून सकाळी लवकर निघा. नंतर पिरंगुटला कंपन्यांच्या गाड्यांमागे रखडाल. पौडला मिसळ खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त. पुढे रस्ता सुरेख, पण डोंगरभर 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या. पाणी दिसायच्या आतच माझं मन विटलं.

वर्गात मात्र रंगात आले. कायद्यापुढे सगळे सारखे, चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आणि हक्काचं, अटक केली तर कारण सांगावंच लागतं. मुलं घडाघडा उत्तरं देत होती. कातकरी पाड्यावरची सुगंधा तेवढी गप्प होती. शेवटी म्हणाली, "बाई, शाळंचा हक्क हाय, तर वाटंचा बी हाय का?"

शाळा सुटल्यावर तिनं आम्हाला ती वाट दाखवली. पाड्याखालची जमीन विकली गेली, तिथं बंगला झाला आणि वाटेवर कुंपण आलं. पाड्यावरची माणसं त्याच बंगल्यात बागकामाला जातात. त्यांच्यासाठी सकाळी आठला गेट उघडतं. शाळेच्या पोरांना राखणदार आत घेत नाही. पोरं ओढ्यातून वळसा घालून यायची. एकेक करून गळाली. आता ही एकटीच येते.

"तहसीलदारांकडे अर्ज करू. वाट अडवता येत नाही," मी पाड्यावर भेटलेल्या तिच्या आईला म्हटलं. "मी लिहून देते."

"आन मग काम कोन देनार? तुमी?" ती रागावली नव्हती. "एकल्या पोरीला वढ्यानं कवर धाडू? तुमी सांजच्याला पुन्याला जानार. आमाला हितंच ऱ्हायचंय."

संताप आला, पण तो काढायचा कुणावर? परतताना धरणापाशी थांबलेही नाही.

मुळशी कशी आहे, असं लोक विचारतात. सुंदर आहे, जरूर जा. माझ्याजवळ मात्र त्या बाईचा प्रश्नच तेवढा उरलाय.

परवा वैशालीचा फोन आला. मुलांनी सगळे हक्क पाठ केलेत, बक्षीस द्यायला ये म्हणाली. मी सुगंधाचं विचारलं.

"तिला आता वळसा पडत नाही," वैशाली म्हणाली. "आठ वाजता आईबरोबर गेटमधून आत जाते. बागेतलं तण काढायला."