तपासलेल्या लॉटपुढची टिक

महाळुंग्याच्या एका वर्कशॉपमध्ये शकूताई अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर आहेत. माप तपासायचं गेज लावायच्या आधी त्या पार्टच्या कडेवरून बोट फिरवतात. जराशी धार लागली तरी पार्ट बाजूला. तपासून झालेल्या प्रत्येक लॉटपुढं रजिस्टरमध्ये टिक. त्यांची टिक असलेला लॉट डोळे झाकून गाडीत चढवतात.

गेल्या वर्षी मालकांनी रजिस्टर बंद करून कॉम्प्युटर आणला. प्रोग्रॅम मी लिहिला. ताथवड्यात आमचं तीन जणांचं ऑफिस आहे. नोंदी बघायची स्क्रीन, म्हणजे ॲडमिन, ज्या तयार सांगाड्यावर प्रोग्रॅम उभा करतात त्या फ्रेमवर्कबरोबर आयती मिळते. ती वापरणाऱ्याच्या कामाप्रमाणे बदलून द्यायची असते. मी आळस केला, आहे तशीच देऊन टाकली. वर ‘एकदम सोपं आहे’ असं सांगूनही आले.

एका सोमवारी एकशेचाळीस लॉटच्या नोंदी उडाल्या. कुणी उडवल्या त्या जागी शकूताईंचं नाव. मॅनेजर भीमराज म्हणाले, “उद्यापासून पॅकिंगला जा.” बॅकअपमधून मी तासाभरात सगळं परत आणलं, पण साहेबांचा निकाल काही फिरला नाही.

“अकरा वर्सं ह्या बोटावर माल गेला,” शकूताई मला म्हणाल्या. “आता त्यानं खोक्यावर टेप लावू व्हय?”

मी त्यांना प्रोग्रॅमची एक कॉपी उघडून दिली आणि तेव्हा केलं तसंच करायला सांगितलं. त्यांनी तपासलेल्या लॉटपुढच्या चौकोनांत एकेक करून टिक केली. पुढं काय करायचं त्या यादीत एकच पर्याय होता, इंग्रजीत, नोंदी काढून टाकण्याचा. त्यांनी तो निवडला. स्क्रीननं विचारलं, ‘आर यू शुअर?’ त्यांनी ‘येस’ दाबलं.

“शुअर हाय का, इचारलं मॅडम. व्हय म्हनू न्हाई तर काय? माल मीच तपासलाय न्हवं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आणि शिक्षा बाईंना.

त्याच दुपारी मी काढून टाकण्याचा पर्याय काढला, ‘तपासले’ असा मराठी पर्याय घातला आणि भीमराजांना गाठलं. ते म्हणाले, “स्क्रीन तुम्ही बघा. बाईंचं मी बघतो.” वाद घालण्यात अर्थ नव्हता. साहेब स्वतः तपासणीच्या टेबलावरूनच वर आलेले आहेत, हे मला माहीत होतं. मी लॅपटॉपवर ती जुनी कॉपी उघडली.

“साहेब, हे दहा लॉट तुम्ही तपासलेत असं समजा. तशी नोंद करा.”

एका हातात फोन धरूनच त्यांनी दहाही लॉटवर पटापट टिक केली, होता तो एकुलता पर्याय निवडला आणि समोरचं न वाचता ‘येस’ दाबलं. यादी रिकामी झाली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे.

मग त्यांनी फोनवरून पॅकिंगला सांगितलं, “शकूताईंना टेबलावर पाठवा. नको, थांबा, मीच येतो खाली.”