धोंड्याच्या महिन्यातला विमानाचा पास

मंडळी, आज दुपारी साडूच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. जेवण झकास होतं, पण माझ्या पोटात दुखायला लागलं ते साडूचं मनगट बघून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धोंड्याचा महिना भर पावसाळ्यात आला होता. जावयांना वाण द्यायचं म्हणून सासऱ्यांनी आम्हा दोघांना विचारलं, काय हवं? साडूनं घड्याळ मागितलं. मी शहाणा. तेव्हा सोनेगाव विमानतळावरून छोट्या विमानातून नागपूर दाखवायचे, त्या फेरीचा पास मागितला. पास महिनाभरच चालणार होता.

दर रविवारी गेलो, दर रविवारी ढग. "आज नाही उडत, भाऊ," एवढं ऐकायचं आणि चिखलातून सायकल हाणत परत यायचं.

शेवटचा दिवस निघाला बुधवार. मी ऑफिसात आणि बाहेर लख्ख ऊन. वाया जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी माझ्या घरून पास नेऊन साडूला दिला. त्याचं स्वतःचं दुकान, शटर ओढलं की सुट्टी.

आज तो सगळ्यांना सांगत होता, "अंबाझरी तलाव वरून ताटलीएवढा दिसून राहिला होता." मग माझ्याकडे वळून, "तुमी काहून नाही आले गा तवा?"

विषय बदलायला मी वेळ विचारली. त्यानं तेच घड्याळ पुढे केलं. अजून चालतं.

घरी आलो तर जावयाचा मेसेज. यंदा धोंड्याला पॅराग्लायडिंगचं व्हाउचर हवंय म्हणे. मी घड्याळ आणणार आहे. चुकतंय का माझं?