डाव्या पिळाचा दोर

रत्नागिरीच्या तुरुंगाचं नाव काढलं की हल्ली माणसं लगेच हात जोडतात. कोण कोण थोर माणसं तिथे कोंडलेली होती ते सांगायला लागतात. असतील बाबा. माझा नवराही तिथेच होता, आणि तो थोर नव्हता. बांधाच्या भांडणात त्यानं चुलतभावाच्या खांद्यावर कोयता घातला, त्याचा हात कायमचा गेला, आणि याला पाच वर्षं सक्तमजुरी झाली. अशा माणसांच्या पाट्या कुठे लागत नाहीत. म्हणून मीच लिहायला बसले. अक्षरं मी चाळिशीनंतर गिरवली, तेव्हा वाकडंतिकडं असेल ते चालवून घ्या.

तुरुंग जुना, कंपनी सरकारच्या वेळचा म्हणत. भिंत जांभ्याची, उंच. जांभा पाणी पितो, त्यामुळे पावसाळाभर ती भिंत आतून-बाहेरून ओली राही आणि दिवाळीपर्यंत वाळत नसे. आत माणसं त्याच ओलीला पाठ लावून निजत. खायला खड्यांची भाकरी आणि कसल्याशा पाल्याचं कालवण. पावसात ताप आणि हगवण आली की एकाची दहांना लागे. आणि काम म्हणजे काथ्या. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवून आत न्यायची, कैद्यांनी ती लाकडी मोगरीनं कुटायची, काथ्या सोडवायचा आणि त्याचे दोर वळायचे. कुजक्या सोडणांचा वास आणि मोगऱ्यांचा दणदणाट भिंतीबाहेरच्या गल्लीत दिवसभर असे. गावातल्या आया हट्टी पोरांना म्हणत, थांब, तुला काथ्या कुटायला धाडते. पोरं हसायची. मला त्या बायांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत.

शिक्षा झाल्यावर सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिच्या मते सगळं माझ्या पायगुणानं झालं. कोयता तिच्या लेकाच्या हातात होता, पायगुण मात्र माझा. मूलबाळ नव्हतं, माहेरी कोणी उरलं नव्हतं. एक लुगडं गाठोड्यात बांधलं आणि चालत रत्नागिरीला आले. तुरुंगापासून हाकेच्या अंतरावर एका बागायतदाराचं घर होतं, तिथे पाणी भरायला आणि भात कांडायला राहिले. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत, मीही म्हणायला लागले. बाई वाईट नव्हती. माझा नवरा कुठे आहे हे तिला ठाऊक होतं आणि ती त्यावर कधी बोलली नाही.

पहिल्या वर्षी कोर्टाचा कागद दाखवून एकदाच भेट मिळाली. मध्ये गज, बाजूला शिपाई. नवऱ्याच्या अंगात जाड्याभरड्या कापडाची बंडी, डोक्याला टोपी, पायात कडं. हाताचे तळवे खाऱ्या काथ्यानं उलले होते, ते तो माझ्यापासून लपवत होता. मी काय बोलणार होते ते सगळं विसरले. गाय व्याली एवढंच सांगितलं, आणि ते खोटं होतं, गाय सासूनं विकली होती. तो माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाला,

"हितं परत येऊ नको. मला असा बघू नको. मी डावरा हाय, माझा दोर तू वळखशील. डावा पीळ दिसला का समज, मी हाय."

डावरा होता तो. कोयताही डाव्या हातानंच मारला होता. दोन पेड तळव्यात धरून वळताना सगळ्या जगाचा हात एकीकडे चाले, याचा दुसरीकडे. त्यामुळे त्याच्या दोराचा पीळ उलटा पडे. आमच्या घरी गोठ्यातली दावी, छपराची बांधणी, सगळी त्याच्याच हातची, डाव्या पिळाची. सासरा त्यावरून त्याला शिव्या घाली. पण दोर मात्र असा घट्ट की तुटायचं नाव नाही. तुरुंगातल्या मुकादमानंही आधी आरडाओरडा केला असणार आणि मग गप्प बसला असणार.

तुरुंगातले दोर बाजारात एका दुकानात विकायला येत. सुपारीच्या आणि गुळाच्या वासात छताला वेटोळी टांगलेली असत. काकूंच्या विहिरीचा दोर झिजला की मी म्हणे, मी बघून आणते, तुमचा गडी कसलाही उचलतो. वेटोळ्यांवरून हात फिरवायचा आणि उलट्या पिळाचा दोर काढायचा. तो विहिरीवर बांधला की पोहरा वर येताना उलटा फिरे. गड्याच्या हाताला ती सवय नव्हती, तो कुरकुरायचा. मी म्हटलं, मेल्या, तू पाणी ओढतोस की मी?

रोज त्या दोराला धरून घागरीमागून घागरी ओढल्या. लाज कसली आता सांगायला, मी त्या दोराशी बोलायची. आज काकूंकडे फणस फोडला, आज पाऊस धरलाय, असलं काहीबाही. दोर हातात आहे म्हणजे वळणारा आत आहे. एवढ्यावर माझे दिवस जात होते.

आता ज्यानं माझा घात केला तो भाग. आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायांनी चिमटे काढल्यावर. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं आईनं सांगितलेलं, सासूनं सांगितलेलं, आणि माझा त्यावर विश्वास होता. भेट मागायची नाही हे त्याचं म्हणणं मी पाळलं. पण मन राहत नसे, म्हणून कधीमधी देवडीवरच्या शिपायाला विचारायची. शिपाई म्हातारा, मिशीवाला, स्वभावानं बरा होता. तो विचारी, नाव काय तुझ्या माणसाचं? मी म्हणायची, तो डाव्या पिळाचा दोर वळतो ना, तो. शिपाई हसायचा आणि आत विचारून यायचा. बरा आहे म्हणायचा. एकदा म्हणाला, ताप येऊन गेला, आता उठलाय. एकदा म्हणाला, जाड झालाय तुझा माणूस. त्या खड्यांच्या भाकरीवर जाड कसा होईल, असं मनात आलं, पण आनंदच इतका झाला की तो विचार मी पुढे नेला नाही.

मिठासाठी लोकांना धरून आणलं त्या साली तुरुंग भरून वाहिला. त्यातली माणसं सुटत तेव्हा दारापुढे गर्दी, हार, घोषणा. शिकलेली माणसं, आतल्या हालांबद्दल मोठ्यानं बोलत. बरं वाटे ऐकून, खोटं कशाला बोलू. पण त्याच दारातून त्याच दिवशी कोणी चोर नाहीतर मारामारीतला कुळवाडी बाहेर पडे, तो गर्दीच्या कडेकडेनं मान खाली घालून निघून जाई. त्याला कोणी विचारत नसे, तुझे हाल झाले का म्हणून. मला तेव्हा फार राग यायचा. भिंत तीच आणि ओल तीच, पण हालांची किंमत माणूस बघून.

आणखी एक गोष्ट. बाजाराच्या दिवशी आमच्या गावच्या बाया आंबाडे, कुळीथ विकायला येत. पहिली दोन वर्षं त्या निदान दोन शब्द बोलत. नंतर बोलेनाशा झाल्या. माझ्या कपाळाकडे बघत आणि नजर वळवत. एकीनं तर माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. मी मनात म्हटलं, जळो तुमची तोंडं, कैद्याची बायको झाले म्हणून विटाळ होतो काय तुम्हाला. तेव्हापासून कुंकू मुद्दाम मोठं लावायला लागले. बघा म्हटलं, नीट बघा.

चौथा शिमगा होऊन गेला. शिक्षेत सूट मिळते असं ऐकून होते, म्हणून जाऊन विचारलं. शिपाई आत गेला, हसत बाहेर आला आणि म्हणाला, डाव्या पिळाचा माणूस येत्या सोमवारी सकाळी सुटतोय, ये न्यायला. मी धावतच घरी आले. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी काकांचं एक धुवट धोतर दिलं आणि गोठ्याशेजारची खोली झाडून घे म्हणाल्या. मी खोली झाडली, सारवली. सोमवारी पहाटे तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुके बांगडे भाजले, फडक्यात बांधलं आणि दारासमोर जाऊन उभी राहिले.

मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार उघडलं. वाकून एक माणूस बाहेर आला. बुटका, रुंद, टक्कल पडलेला. मी त्याच्या मागे बघत राहिले. मागे कोणी नव्हतं. शिपाई म्हणाला, अगो बघतेस काय, हा तुझा माणूस.

मी म्हटलं, हा नव्हे. शिपाई म्हणाला, डावा पीळ वळणारा हाच, आत दुसरा कोणी नाही. तो माणूस माझ्याकडे बघत होता. माझ्या कपाळाकडे, हातातल्या फडक्याकडे. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही बघत होतात काय दोर?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"मला वाटलं, त्याची आई असंल. कोण ते सांगितलंन नाय. बाहेर माणूस हाय माझं, पीळ बघतं, एवढंच म्हणाला. डावा पीळ बंद करू नको म्हणाला."

तेव्हा मी शिपायाकडे वळले आणि नवऱ्याचं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, गाव. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा ते नाव तोंडातून बाहेर पडलं, आणि तेही मोठ्यानं, कारण शिपायाला कमी ऐकू येत होतं. त्याला लगेच आठवलं. त्याचं हसू गेलं. म्हणाला, बाई, तो तर तिसऱ्या पावसाळ्यात हगवणीनं गेला. गावी पाटलाला कळवलंय तेव्हाच. तू कधी नाव का नाही सांगितलंस?

नाव घेतलं तर तो मरेल म्हणून घेतलं नाही, हे सांगू त्याला?

म्हणजे सासूला ठाऊक होतं. तिनं दिवस घातले, पिंड घातला, आणि मला एका शब्दानं कळवलं नाही. गावाला ठाऊक होतं. त्या बाजारातल्या बायांना ठाऊक होतं. त्या माझं कुंकू बघून नजर वळवत होत्या, आणि मी ते आणखी मोठं लावत होते.

तो माणूस राजापूरकडचा, त्याला न्यायला कोणी आलं नव्हतं. भिंतीच्या सावलीत बसून त्यानं सांगितलं. दोघे शेजारी निजत. त्याचा स्वतःचा हात उजवाच. उलटं वळायला शिकताना तळवे सोलून निघाले, आणि माझा नवरा अंगात ताप असताना त्याच्या मुठी धरून त्याला शिकवत होता. शेवटी बोलणं बंद झालं तेव्हाही बोटं वळल्यासारखी हलत होती म्हणे. मी फडकं त्याच्यापुढे ठेवलं. तो खायला लागला, आधी संकोचानं, मग भराभर. चांगला माणूस होता, शब्दाला जागला होता. तरी तो खाताना मला त्याचा इतका राग आला की भाकरी त्याच्या हातातून हिसकावून घ्यावीशी वाटली. मनात म्हटलं, तू कशाला वळत राहिलास? तो गेला तेव्हा पीळही जाऊ द्यायचा होतास. रडून मोकळी तरी झाले असते.

उठताना त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आता आत तो पीळ कोणाला येत नाय." धोतर मी त्यालाच दिलं.

घरी येऊन विहिरीवर गेले, त्याच दोरानं पाणी काढलं आणि कपाळ धुतलं. काकू पडवीतून बघत होत्या. त्यांना विचारावं लागलं नाही. म्हणाल्या, आज कांडण राहू दे. पण पाण्याला घरात थेंब नव्हता, म्हणून मी घागरी भरल्या. सारवलेल्या खोलीत पुढे सोडणं भरली.

राजापूरच्या त्या माणसाचा तो शेवटचा दोर मी जपून वापरला. उन्हात टाकला नाही, गड्याला हात लावू दिला नाही. तरी पाण्यातला काथ्या तो, किती दिवस टिकणार. गणपती झाल्यावर एक पेड सुटला, मग दुसरा. काकू म्हणाल्या, तूच बघून आण, तुला कळतं. मी बाजारात गेले. सगळ्या वेटोळ्यांवरून हात फिरवला, खालची वर केली, दुकानदार वैतागला. सगळा उजवा पीळ. त्यातलाच एक घेऊन आले आणि बांधला.

पोहरा चारचौघांच्या पोहऱ्यासारखा फिरत वर आला. गडी खूश झाला. काकू म्हणाल्या, हा बरा दोर मिळाला गो, सुरळीत चालतो.

मी हो म्हटलं आणि घागर भरली.